शेजाऱ्याच्या नावाची स्पर्धा

आपल्या घरच्या कार्याला कोणी शेजाऱ्याचे नाव देत नाही. स्वीडन आणि फिनलंड यांनी मात्र आपसातल्या मैदानी स्पर्धेचे नेमके तसेच केले आहे. स्वीडिश लोक तिला ‘फिन्नकाम्पेन’ म्हणतात, म्हणजे फिन लोकांशी लढत. फिनलंडमध्ये तीच ‘रुओत्सी-ओत्तेलू’ होते, म्हणजे स्वीडनशी सामना. दोन्ही नावांतून स्वतःचा देश गायब आणि समोरचा तेवढा हजर, हे मला निकालांच्या कोष्टकांपेक्षा अधिक बोलके वाटते.

ही लढत १९२५ मध्ये हेलसिंकीत सुरू झाली. १८०९ पर्यंत कित्येक शतके स्वीडनच्या आणि पुढे रशियाच्या छत्राखाली राहिलेला फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झाला होता, आणि आदल्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या पावो नुर्मी या धावपटूने पाच सुवर्णपदके मिळवली होती. जुन्या धन्याशी बरोबरीने उभे राहण्याची अशी संधी हा देश सोडणार नव्हता. पण ज्यांचे एवढे जुने नाते, त्यांच्यात भाऊबंदकीही आलीच. १९३१ च्या लढतीत प्रकरण हातघाईवर आले. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. पुढच्या वर्षी पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून नुर्मीला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमधून वगळण्यात आले, आणि तो निर्णय घेणाऱ्या मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष सिगफ्रिड एडस्ट्रम हे स्वीडिश होते, ही गोष्ट फिनलंडच्या मनातून जाणे शक्य नव्हते. फिनलंडने अबोला धरला. तो सुटायला १९३९ साल उजाडले. १९५० च्या दशकात स्त्रियांचीही लढत सुरू झाली, तिच्या गुणांचा हिशेब मात्र वेगळा ठेवला जातो.

या गुणांच्या हिशेबातच माझे मन अधिक रमते. प्रत्येक प्रकारात दोन्ही देशांचे तीन-तीन खेळाडू उतरतात आणि सहा जणांना अनुक्रमे ७, ५, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळतात. समजा, एका देशाचा धावपटू पहिला आला, पण त्याचे दोन्ही सोबती पाचवे आणि सहावे आले, तर त्या देशाच्या पदरात १० गुण पडतात आणि पहिला क्रमांक हुकलेल्या शेजाऱ्याच्या पदरात १२. शर्यत जिंकावी आणि सामन्यात मागे पडावे, असा हा खेळ आहे! त्यामुळे पंधराशे मीटरच्या शर्यतीत वेळेकडे कोणी फारसे पाहत नाही. तिघे मिळून प्रतिस्पर्ध्याला आतल्या कडेला कोंडतात, संथ धावतात आणि शेवटच्या फेरीत एकदम सुटतात. विक्रमाच्या आशेने आलेल्या प्रेक्षकाला हे कंटाळवाणे वाटेल. मला मात्र घड्याळाशी धावण्यापेक्षा माणसाशी धावणे अधिक रंगतदार वाटते. ‘कोणीही जिंको, स्वीडन हरला म्हणजे झाले’, असे फिनलंडमध्ये गमतीने म्हणतातच.

देशादेशांमधले असे सामने एकेकाळी पुष्कळ होत. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनीही १९५८ मध्ये मॉस्कोत एक सुरू केला होता. तो केव्हाच इतिहासजमा झाला. उन्हाळा सरता सरता ही दोन शेजारी राष्ट्रे मात्र एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे अशी अजूनही भिडतात. तेथे कोणी अडखळून पडला आणि बाकीचे पाच जण पुढे निघून गेले, तरी तो उठतो आणि एकटाच रेषेपर्यंत धावत येतो. कारण सहाव्याच्या वाट्याचा तो एक गुण सोडून दिला, तर संध्याकाळी बेरजेत तेवढाच कमी पडू शकतो.