फिल्मवरची वाळू

मंगळवार, रात्री उशिरा

आज माझ्या आजाराचं नाव कळलं. पल्मोनरी अल्व्हिओलर मायक्रोलिथियासिस. बाबांनी ते दोनदा विचारून कागदावर उतरवून घेतलं.

निमित्त नोकरीच्या मेडिकलचं. ना खोकला, ना धाप. मध्यंतरी मी सिंहगड चढून आले. आणि एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं खालून पांढरीफेक, हृदयाची कडसुद्धा दिसेना. पहिल्या डॉक्टरांनी मिलियरी टीबीचा संशय घेतला. आपल्याकडे छातीत बारीक ठिपके दिसले की आधी टीबीच आठवणार, त्यांना काय बोलायचं? पण ताप नाही, वजन उतरलेलं नाही, थुंकीत काही नाही. म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन. त्यात सगळीकडे कॅल्शियम.

डॉक्टर मॅडमनी शांतपणे समजावलं. फुप्फुसांतले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, मिटू नयेत म्हणून आत एक स्निग्ध थर असतो. तो सतत मोडतो, नवा होतो. मोडताना सुटलेलं फॉस्फेट पेशींनी ओढून घ्यायचं असतं. ते काम ज्या जनुकावर चालतं, एसएलसी३४ए२, ते माझ्यात बिघडलेलं असणार. मग फॉस्फेट तिथेच साचतं आणि कॅल्शियमबरोबर त्याचे खडे होतात, बहुतेक मिलिमीटरहून लहान. आजाराला नाव १९३३ साली मिळालं, जनुक सापडलं २००६मध्ये.

"मूतखड्यासारखंच की," आजी म्हणाली, "पाणी पी भरपूर." इतकं सोपं असतं तर! रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, दूधही बंद करायचं नाही. फुप्फुसं धुऊन खडे निघत नाहीत, खात्रीचं औषध नाही. पुढे कधी फारच धाप लागू लागली तर प्रत्यारोपण. तोवर दरवर्षी तपासणी.

बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं, असं मॅडम म्हणाल्या आणि आई एकदम गप्प झाली. बाबा तिचे आत्येभाऊ. मामाची मुलगी करायची आमच्याकडे रीतच. मॅडमनी दोष दिला नाही. जगात सर्वाधिक रुग्ण तुर्कस्तानात आढळलेत, तिथेही नात्यात लग्नं होतात, एवढंच सांगितलं. घरी आल्यावर आईने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायची विसरली.

भावंडाला होण्याची शक्यता चारात एक. भाऊ, दादू, म्हणतो, मी एक्स-रे काढणार नाही. बाबा चिडले. मला मात्र त्याचं पटतं. कळून मला काय मिळालं? श्वास कालच्याइतकाच चालतोय, फक्त आता मी जिना चढताना तो ऐकत बसते. आणि कंपनीच्या फॉर्मवर 'फिट' की 'अनफिट', तेही अजून ठरत नाही.

पण तो मित्रांबरोबर सिगारेट ओढतो, हे घरात फक्त मला माहीत आहे. या आजारात धूर सगळ्यात वाईट, असं मॅडमनी बजावलंय. उद्या क्लासवरून आला की गच्चीवर नेऊन बोलणार आहे. एक्स-रेचा विषय काढणार नाही. त्यानेच काढला तर बघू.