पेलेट कुठलं घ्यायचं ते बॅरलला विचारा

सांगलीत आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नवीन एअर रायफल आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर पेलेट (म्हणजे तिची शिशाची छोटी गोळी) कुठलं मागवू. पालकांनी तोपर्यंत यूट्यूब बघून नाव काढलेलंच असतं. परवा एका मुलीचे वडील फोनवर म्हणाले, "सर, ऑलिम्पिकवाले आर-टेनच वापरतात म्हणे, डायरेक्ट दहा डबे मागवून टाकू का?" मी म्हटलं, दादा, दहा नको, एक एक करून चार-पाच प्रकारचे मागवा, आणि पोरीच्या रायफलीला काय चालतंय ते आधी बघू. त्यांना ते फारसं पटलं नाही, कारण डबे महाग आणि नाव मोठं, मग अजून काय बघायचं? म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू, दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा बरं.

१० मीटर एअर रायफलचं टार्गेट ज्यांनी हातात धरलंय त्यांना माहितीय, मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट ४.५ मिलिमीटरचं. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, ते हवे असतील तर पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडायला लागतो, आणि तिथून पुढं प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. म्हणजे पोराचं होल्ड, ट्रिगर, श्वास सगळं शंभर टक्के बरोबर असलं आणि पेलेटनं स्वतःहून १ मिलिमीटर वाट सोडली, तर स्क्रीनवर १०.६ दिसणार. पोरगं बिचारं आपलं टेक्निक तपासत बसणार.

आणि दशांशाला काय किंमत आहे ते पॅरिसला बघितलंच की आपण. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या एअर रायफलच्या पात्रता फेरीत रमिता जिंदल ६३१.५ करून पाचवी आली आणि फायनलला गेली, इलावेनिल वलारिवन ६३०.७ वर दहावी राहिली आणि बाहेर. फरक ०.८ चा. आठ दशांश म्हणजे ६० शॉट मिळून सगळा २ मिलिमीटरचा हिशोब झाला. मी मुलांना हा आकडा फळ्यावर लिहून दाखवतो, मग पेलेटच्या टेस्टिंगला कोणी कंटाळा करत नाही.

तिकडं अमेरिकेत शेतात बिळं करणारे प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग मारायला जे लोक खास रायफली बनवून घेतात, त्यांचं लिहिलेलं मी बरंच वाचतो. कस्टम बॅरल बसवतात, .२२-२५० किंवा .२०४ रुगरसारखं कॅलिबर घेतात आणि मग त्या एका बॅरलसाठी काडतूस घरी बसून स्वतः भरतात, बंदुकीची दारू किती, बुलेट किती आत बसवायची, केस म्हणजे काडतुसाचं कवच कुठलं, एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलाचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटचा पुंजका, कागदावर काढायचा. आपल्याकडं हे करता येत नाही, आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणं दारूगोळा बनवायलाच लायसन्स लागतं. शिवाय ५० मीटरला जी .२२ रिमफायर गोळी वापरतात ती तशीही परत भरायच्या कामाची नसते, कारण तिचा प्रायमर केसच्या कडेतच भरलेला असतो. एअर रायफलला तर भरायचंच काही नाही. म्हणजे त्यांच्या हातात काडतूस बदलायची सोय आहे, आपल्या हातात फक्त निवड. पण पद्धत तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे: बॅरल एक, बदल एक, आणि निकाल कागदावर, मनात नाही.

.२२ वाल्यांच्या जगात हे आता नेहमीचंच झालंय. काडतूस बनवणाऱ्या एली कंपनीची बर्मिंगहॅमला, लापुआची जर्मनीत शोनेबेकला टेस्ट रेंज आहे, नेमबाज आपली रायफल घेऊन तिथं जातात, वेगवेगळे लॉट (एका वेळी एकत्र बनलेला माल म्हणजे एक लॉट) मारून बघतात आणि जो लॉट त्या बॅरलला बसतो त्याचाच साठा घेतात. कंपनी तीच, डबा तोच, किंमत तीच, तरी लॉट बदलला की ग्रुप बदलतो. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, त्या टार्गेटचा दहाचा रिंग १०.४ मिलिमीटरचा असतो. ५० मीटरवरून तेवढ्यात सतत बसवायचं तर अम्युनिशनवर डोळे झाकून विश्वास ठेवून कसं चालेल.

असं का होतं, तर दोन बॅरल कधीच सेम नसतात. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन रायफली घ्या, आतला व्यास काही मायक्रॉननं इकडंतिकडं असतो, तोंडाकडचा चोक, म्हणजे नळी किंचित अरुंद केलेली असते ती, कमी-जास्त असतो, आतलं फिनिश वेगळं असतं. पेलेटच्या बाजूनं पण तसंच, हेड साईझ, म्हणजे पुढच्या टोकाचा व्यास, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी येते, शिसं मऊ-कडक असतं, ज्या डायमधून (साच्यातून) काढलं ती डाय झिजत जाते. मिरजेत सतारीची जवारी काढणारे कारागीर जसं एका वाद्याचं माप दुसऱ्याला लावत नाहीत, प्रत्येक सतार वाजवून, ऐकूनच घासतात, तसंच आहे हे. मित्राच्या रायफलीला ४.५० चालतं म्हणून तुमच्या रायफलीला चालेलच असं नाही.

आता टेस्ट कशी करतो ते सांगतो. खांद्यावर धरून पेलेट टेस्ट होत नाही, कितीही चांगला नेमबाज असू दे. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात, बांधायलाच लागते. आमचा व्हाइस कुपवाड एमआयडीसीतल्या एका काकांनी बनवून दिला. त्यांचा धंदा पंपाचे पार्ट करण्याचा, रायफल त्यांनी कधी हातात घेतलेली नव्हती, पण मी काय हवंय ते सांगितल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "धक्का कुठल्या बाजूला बसतोय?" तिथंच मला कळलं की माणूस बरोबर आहे. खाली जाड प्लेट, वर व्ही ब्लॉक, ब्लॉकच्या आतून चामडं लावलेलं म्हणजे बॅरलला ओरखडा नको, आणि सगळं सिमेंटच्या ओट्याला बोल्टनं आवळलेलं. स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) काढायचा, ॲक्शन (बॅरल बसवलेला यंत्राचा भाग) बांधायची, आणि बोल्ट हातानं बसतील एवढेच, पान्यानं पिळायचे नाहीत, नाहीतर पेलेटऐवजी आवळण्याचीच टेस्ट होते.

आधी एक ओळखीचा डबा मारून व्हाइस जागेवर आहे का ते बघायचं. ग्रुप हळूहळू एकाच बाजूला सरकत गेला तर समजायचं कुठंतरी ढिलं आहे, पेलेटला दोष द्यायचा नाही. रायफल थोडा वेळ नुसती पडून राहिली असेल तर पहिले दोन-तीन शॉट बाजूच्या कागदावर सोडून द्यायचे, हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधलं प्रेशर थोडं चढलेलं असतं आणि त्या शॉटचा वेग वेगळा येतो. वेगाचं पण महत्त्व आहे बरं का. पेलेट साधारण १७० मीटर प्रति सेकंदनं जातं, १० मीटरला पोहोचेपर्यंत ते जवळजवळ १७ मिलिमीटर खाली येतं, आणि वेग एक टक्का कमी झाला की अजून ०.३ मिलिमीटरच्या वर खाली. म्हणजे एक दशांश गेला की. नवीन पेलेटवर जायच्या आधी बॅरलला पण त्याची सवय होऊ द्यायची, निदान वीस-पंचवीस शॉट मोजायचेच नाहीत, आणि बॅरल साफ केल्यानंतर तर नक्कीच नाहीत, साफ केल्याकेल्या ग्रुप फाकतो आणि मग हळूहळू बसतो.

मग १० शॉटचा ग्रुप. पाचचा नाही. यावर माझा सगळ्यांशी वाद होतो कारण पाच शॉटचा ग्रुप दिसायला सुंदर दिसतो, फोटो काढून स्टेटसला ठेवायला बरा. पण तीच रायफल, तेच पेलेट, काहीही न बदलता १० शॉटचा ग्रुप सरासरी पाचच्या ग्रुपपेक्षा साधारण पाव पट मोठा येतो, हा साधा गणिताचा भाग आहे. तीन शॉटवर तर काहीच ठरवू नका, योगायोगानं तीन पेलेट एका भोकात जातातच कधी कधी. एका प्रकारचे १० शॉटचे चार-पाच ग्रुप काढायचे, व्हर्नियरनं बाहेरून बाहेर मोजायचं, त्यातून ४.५ वजा करायचे, आणि सरासरी लिहायची. सगळ्यात छोटा ग्रुप बघून खूश व्हायचं नाही, सगळ्यात मोठा किती आला ते बघायचं, कारण मॅचमध्ये तोच वाट्याला येणार असतो.

त्या मुलीची रायफल आम्ही अशीच लावली. वडिलांनी ज्याचं नाव घेतलं होतं ते वाईट नव्हतंच, पण तिच्या बॅरलमधून त्याचे ग्रुप उभे लांबट येत होते, वर-खाली. दुसऱ्या एका कंपनीचं, कमी किमतीचं, ४.४९ हेडचं पेलेट लावलं आणि भोक गोल झालं. कागद उजेडासमोर धरला तर कडा अशी स्वच्छ की जणू पंचिंग मशीननं कापलीय. वडील कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "सर, हा लॉट नंबर काय आहे, मला लिहून द्या." हाच प्रश्न मला त्यांच्याकडून हवा होता.

कारण खरं काम लॉट नंबरचं आहे. त्याच नावाचा, त्याच साईझचा पुढचा डबा दुसऱ्या लॉटचा आला की परत पहिल्यापासून. आपल्याकडं माल बाहेरून येतो, आज दुकानात आहे तो लॉट दोन आठवड्यांनी नसतो. म्हणून सँपलचा डबा आला की लगेच टेस्ट करायची आणि बसला तर त्याच दिवशी दुकानदाराला फोन करून वर्षभराचा माल बाजूला ठेवायला सांगायचं. एका डब्यात ५०० पेलेट असतात, पोरगं दिवसाला साठ-सत्तर मारत असेल तर आठवड्याला जवळजवळ एक डबा जातो, त्यावरून तुमचा तुम्ही हिशोब घाला. खर्च एकदम होतो हे मान्य आहे, दोन-तीन पालकांनी मिळून घ्यायचं म्हटलं तर प्रत्येकाची बॅरल वेगळी असल्यानं तेही नेहमी जमत नाही. पण प्रॅक्टिसला स्वस्त काहीतरी आणि मॅचला चांगलं, असं करण्यापेक्षा खर्चाची तोंडमिळवणी दुसरीकडं करा. नेमबाजीचं जॅकेट पुढच्या वर्षी घेतलं तरी चालतं.

साठवायचं पण नीट. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेच्या काठाला हवा किती ओली असते सांगायला नको, शिशावर पांढरी पावडर धरते. डबे एअरटाइट प्लास्टिकच्या बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि एकावर एक उंच रचायचे नाहीत, डबा पडला की पेलेटचे स्कर्ट (मागची पातळ कड) दबतात आणि दबलेलं स्कर्ट डोळ्याला पटकन दिसत नाही. मॅचचे पेलेट आदल्या दिवशी पांढऱ्या कागदावर ओतून एक एक बघून घ्यायचे, वाकडं दिसलं की बाजूला. वजनकाट्यावर एक एक मोजायचं वेड पण काही जणांना असतं, मला त्यात वेळेच्या मानानं फायदा दिसला नाही, डोळ्यांनी तपासणं जास्त कामाला येतं. आणि पेलेट हाताळून झाल्यावर पोरांना साबणानं हात धुवायला लावा, त्याशिवाय वडापावला हात लावू देऊ नका, शिसं आहे ते.

एक शेवटचं. चांगल्या लॉटचे सगळे डबे संपवू नका, एक न फोडलेला ठेवून द्या, वरती मार्करनं तारीख आणि रायफलीचा नंबर टाकून. पुढच्या वर्षी नवा लॉट तपासताना आधी त्याच डब्यातले १० मारायचे. त्यांचा ग्रुप पूर्वीसारखाच आला तर बॅरल आणि व्हाइस दोन्ही ठीक आहेत आणि नव्या लॉटचं माप खरं धरता येतं, आणि तोही फाकला तर नवे डबे बाजूला ठेवून आधी बॅरल साफ करायला घ्या.