पाचवा कोण?

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमांत क्रॉस कंट्रीचा, म्हणजे मैदान, झाडी, ओढा आणि चढ यांतून धावायच्या शर्यतीचा दिवस मला सगळ्यांत जवळचा. स्नेहसंमेलनात निवडक मुलं रंगमंचावर जायची आणि बाकीची समोर बसून टाळ्या वाजवायची. मैदानी स्पर्धांतही शंभर मीटरला आठ जण लेनमध्ये, उरलेली शाळा कडेला. क्रॉस कंट्रीला मात्र डॉक्टरांची मनाई नसेल तो प्रत्येक जण धावायचा. ज्यांना धावता यायचं नाही, ते वळणांवर वाट दाखवायला उभे राहायचे किंवा टेबलाशी बसून नंबर लिहायचे. नुसतं बघायला आलेलं असं त्या सकाळी कुणीच नसायचं.

खरी सुरुवात आदल्या दिवशी व्हायची. खेळाचे सर वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन झेंड्या रोवायला निघत. लाल झेंडी डाव्या हाताला, पांढरी उजव्या हाताला, आणि आपण मधून जायचं. मैदानावर फक्कीच्या रेषा, पुढे झाडीत शिरल्यावर खोडांना बांधलेल्या फिती. मार्ग आखून झाला की सर सगळ्यांना तो चालायला लावत. पळू देत नसत. ओढ्यापाशी थांबून कुठला काठ घट्ट आहे आणि कुठे पाय रुततो, हे ज्याचं त्याने पाय टाकून बघायचं. मोठ्या चढाच्या पायथ्याशी त्यांचं सांगणं ठरलेलं असे. चढावर पावलं लहान करा, हात चालू ठेवा, नजर थोडी पुढे. आणि माथ्यावर पोचलात की सैल पडू नका, कारण तिथे सगळेच सैल पडतात. हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणत. पुढे कितीतरी चढांवर मला ते उपयोगी पडलं. चढताना कुणाला मागे टाकणं जिवावर येतं, पण माथा ओलांडल्यावरच्या पहिल्या वीस-तीस पावलांत तेच काम निम्म्या कष्टात होतं.

सकाळी छातीवर नंबर टाचताना बोटं थंडीने बधिर झालेली असायची आणि सेफ्टी पिना हातातून निसटायच्या. ताई-दादा लहान वर्गातल्यांचे नंबर लावून द्यायचे, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधून द्यायचे. चिखलात बूट पायातून निघून राहतो आणि शर्यत तिथेच संपते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. मग सगळी शाळा एका लांब रेषेवर आडवी उभी. शिट्टी वाजली की एवढा मोठा जमाव एकदम सुटायचा, कारण मैदान संपून झाडीत शिरणारी वाट जेमतेम दोघांपुरती होती. तिथे मागे अडकलात तर पुढचा बराच वेळ समोरच्याच्या पाठीकडे बघत काढावा लागे. म्हणून सुरुवात जोरात, पण इतकीही नाही की पहिल्याच चढावर बरगडीखाली कळ यावी. हा मेळ बसायला काही वर्षं जावी लागतात, आणि तो बसला की शरीर आपलं ऐकतंय याचा जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळाला नाही.

या शर्यतीत वेळेला फारसा अर्थ नसतो. एका वर्षी ओढ्याला पाणी जास्त, दुसऱ्या वर्षी वारा समोरून. प्रत्येक ठिकाणची जमीन निराळी, म्हणूनच क्रॉस कंट्रीत जागतिक विक्रमही नोंदवले जात नाहीत. मोजायचा तो फक्त क्रमांक. आणि मला हा खेळ इतका प्रिय होण्याचं कारण नेमकं या मोजणीत आहे.

शाळेतली मुलं हाउस नावाच्या गटांत वाटलेली असायची, आणि प्रत्येक हाउसचे पहिले पाच धावपटू मोजायचे. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, विसाव्याला वीस. पाचांची बेरीज सर्वांत कमी ज्या हाउसची, ते जिंकलं. पहिले पाचही क्रमांक एकाच हाउसने घेतले तर बेरीज होते 15, त्याहून कमी होऊच शकत नाही. आता यातली गंमत बघा. तुमच्याकडे शाळेतला सगळ्यांत वेगवान मुलगा असेल, तरी तो फार तर एका गुणाची जागा घेईल. पाचवा मुलगा पंधरावा येतो की पस्तिसावा, यात वीस गुणांचा फरक आहे. सहावा आणि सातवाही वाया जात नाहीत. त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते दुसऱ्या हाउसच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक खाली ढकलतात. आणि झाडीत, वळणावर, दम लागलेला असताना आपण आपल्या हाउसमध्ये चौथे आहोत की सहावे, हे कळायला काही मार्ग नसतो. म्हणून कुणालाच सोडून देता यायचं नाही. शेवटच्या चढावर सर उभे असत आणि मधल्या घोळक्यातल्या प्रत्येकाला ओरडून सांगत, "पुढे बघ, तो हिरवा शर्ट! तो एक गुण आहे!" पहिल्या तिघांना ते काही सांगत नसत. त्यांना गरज नाही, असं त्यांचं मत होतं. मलाही ते पटतं.

शेवटच्या रेषेपलीकडे दोन दोऱ्यांमधली अरुंद गल्ली असायची. पोचलेल्यांनी तिच्यात त्याच क्रमाने चालत राहायचं, कुणी कुणाला ओलांडायचं नाही, आणि टोकाला बाई क्रमांकाचं पुठ्ठ्याचं कार्ड हातात ठेवायच्या. ते कार्ड घेऊन धापा टाकत आपापल्या हाउसच्या टेबलाशी जायचं. बेरीज होईपर्यंतचा तो वेळ मला शर्यतीहून मोठा वाटे. सगळ्यांच्या पोटऱ्यांवर सारखाच चिखल, दहावीतला मुलगा पाचवीतल्याला विचारतोय, "तुझं कार्ड कितीचं रे?"

त्याच वेळात सर गोष्टी सांगत. हा खेळ शाळांतच जन्मला, हे त्यांच्याकडून कळलं. इंग्लंडमधल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात दोन मुलं कागदाचे कपटे टाकत पुढे पळायची आणि बाकीची त्या मागावर धावत सुटायची. सरांची सर्वांत आवडती गोष्ट 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकची होती. कडक ऊन, 38 धावपटू सुटले आणि जेमतेम 15 जण शेवटपर्यंत पोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी पहिला आला, व्हिले रिटोला दुसरा. पण सांघिक सुवर्णपदकासाठी तिघे पोचायला हवे होते. तिसरा हेइक्की लीमाताइनेन. तो पार थकलेला, बाराव्या क्रमांकाने आला, आणि फिनलंडला पदक मिळालं. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री झाली नाही. नुर्मीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सर मात्र आमच्याकडून लीमाताइनेनचं नाव पाठ करून घेत.

ते का, हे एका वर्षी डोळ्यांसमोर दिसलं. निळ्या हाउसचा मुलगा पहिला आला होता, त्यांची कार्डं 1, 4, 8, 12 आणि 18. आमची 3, 6, 9, 11 आणि 14. दोन्हींची बेरीज 43. दोन्ही टेबलांवर पुन्हा पुन्हा बेरजा झाल्या. आमच्या शाळेचा नियम असा होता की बरोबरी झाली तर ज्या संघाचा पाचवा धावपटू पुढे, तो संघ जिंकतो. आमचा पाचवा त्याच वर्षी शाळेत आलेला होता, अबोल, त्याचं नावही अजून सगळ्यांना येत नव्हतं. सरांनी माइकवरून विचारलं, "चौदा नंबरचं कार्ड कुणाकडे आहे?" त्याने भीत भीत हात वर केला. आपल्या हातून काही चुकलं असावं, असं त्याला वाटलं होतं. पुढच्या क्षणी आमचं सगळं हाउस त्याच्याभोवती होतं, आणि सगळ्यांत आधी त्याचा हात हातात घेतला तो निळ्या हाउसच्या पहिल्या आलेल्या मुलाने.

बक्षीस समारंभ छोटाच असायचा. शेवटचा धावपटू गल्लीतून कार्ड घेऊन बाहेर आल्याशिवाय तो सुरू करत नसत.

आता माजी विद्यार्थ्यांची शर्यत मुलांच्या शर्यतीनंतर त्याच मार्गावर होते. ओढ्यावर साकव झाला आहे, पण शर्यत अजून पाण्यातूनच जाते आणि मोजणी तीच, पाचांची. आमच्या तुकडीतले चौघे यंदा नक्की झाले आहेत, मी धरून. पाचव्यासाठी फोन चालू आहेत. त्या अबोल मुलाचा नंबर कालच मिळाला.