विषय क्रमांक 7

आमची महासभा सकाळी 11 वाजताची असते. म्हणजे पावणेबाराला घंटा वाजते आणि सव्वाबाराच्या सुमारास गणपूर्ती होते. मी सचिव विभागात मराठी लघुलेखक. ठाणे जिल्ह्यातली एक उपनगरी महापालिका, नाव राहू दे. माझी खुर्ची महापौरांच्या आसनाच्या पायथ्याशी, सचिवांच्या उजवीकडे, तोंड सभागृहाकडे. त्यामुळे महापौरांचा चेहरा मला दिसत नाही, बाकी सगळ्यांचे दिसतात. कोण बोलता बोलता गॅलरीकडे बघतो, कोण मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघतो, सगळं.

ही गोष्ट मे 2018 मधली. पाणीकपात सुरू होती, आठवड्यातून एक दिवस नळ बंद. सभेच्या दिवशी डोंगराकडच्या वॉर्डातल्या बायका रिकामे हंडे घेऊन मुख्यालयाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. आत जाताना त्यातल्या एकीनं मला विचारलं, "ताई, आज काय होईल का?" मी नेहमीसारखं "बघू या" म्हणून सटकले.

खुर्चीत बसते तोच नगररचना विभागातला रचना सहायक शेजारी येऊन उभा. नोकरीला लागून जेमतेम तीन वर्षं झालेला मुलगा. बगलेत फाईल. "मॅडम, 7 नंबर आज येईल ना?"

"तहकूब विषय आहे, वरच आहे. पण आधी पाण्याची लक्षवेधी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवून घे."

विषय क्रमांक 7 म्हणजे आमच्या पूर्वेकडचं 42 गुंठ्यांचं मैदान. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण, पण जागा खासगी, आणि पालिकेनं ती कधी ताब्यात घेतलीच नाही. गावाला मात्र ती आपलीच वाटायची. पोरं टेनिस बॉलनं खेळायची, जुलैपासून गोविंदा पथकाचे थर लागायचे, माझा धाकटा सायकल तिथंच शिकला. आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि तरी जागा घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो : घ्या, नाहीतर सोडा. नोटिशीनंतर पालिकेला पूर्वी सहा महिने मिळायचे, मग वर्ष झालं, 2015 पासून दोन वर्षं. तेवढ्यात संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. आमच्या मालकाची नोटीस सप्टेंबर 2016 ची. ही दोन वर्षं संपायला आता चारच महिने उरले होते.

बरं, पावलं म्हणजे नुसता ठरावही चालत नाही. ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, एवढ्यावर भागत नाही, संपादनाची घोषणा निघावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्येच सांगून ठेवलंय. हे मला त्या मुलानंच फाईल उघडून समजावलं होतं. म्हणून त्याचा जीव वरखाली होत होता. ठराव झाल्यावर त्याची खरी धावाधाव सुरू होणार होती.

हा विषय सभागृहात पहिल्यांदा आला ऑगस्ट 2017 ला. तेव्हा "स्थळपाहणी करून पुढील सभेत ठेवावा" म्हणून तहकूब. स्थळपाहणी झाली, चहा झाला. दुसऱ्यांदा आला तेव्हा जेवणानंतर सभागृहात माणसंच उरली नव्हती. गणपूर्तीअभावी सभाच तहकूब.

आज तिसरी खेप.

12 वाजून 20 मिनिटांनी पाण्यावर चर्चा सुरू झाली. खरं सांगते, मी असंख्य चर्चा टिपल्यात, पण ही खरीखुरी होती. डोंगराकडच्या नगरसेविकेनं पिशवीतून बिस्लेरीची बाटली काढली, आत चहासारखं पाणी. ती सरळ आयुक्तांच्या टेबलापाशी गेली. "साहेब, एक घोट घ्या. माझी बाई रोज घेते." आयुक्तांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली. झाकण नीट लागलं नव्हतं. समोरच्या विषयपत्रिकेवर पिवळट वर्तुळ उमटलं.

पाणीपुरवठ्याचे अभियंता उभे राहिले. उदंचन केंद्रात (पंपिंग स्टेशनात) वीज गेली, मुख्य वाहिनीला गळती, शेवटच्या टोकाला दाबच पोचत नाही, वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "दाब पोचत नाही की चावीवाला पोचत नाही?" आणि सभागृह फुटलं. आमच्या शहरात पाणी कुणाला किती वेळ मिळणार हे कागदावर अभियंता ठरवतो, रस्त्यावर मात्र चावीवाला. पहाटे चारला सायकलवरून येऊन लोखंडी दांड्यानं व्हॉल्व्ह फिरवणारा तो ठेक्याचा माणूस. कुठल्या गल्लीत त्याला दिवाळीचं पाकीट जातं, कुठल्या टॉवरसाठी वीस मिनिटं जास्त सुटतात, कुठे टँकरवाल्याशी संधान आहे, सगळं नावानिशी बाहेर आलं. नावं मी लिहिली. नंतर ती वगळायला सांगितली गेली, वगळली. दोन नगरसेवक महापौरांच्या आसनासमोर येऊन खाली बसले. माझ्या वहीपासून हातभर अंतरावर. त्यातला एक बसल्या बसल्या मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचा पंखा जरा इकडे करा."

अर्धा तास पुरी-भाजीचा सोडला तर चर्चा संपली 4 वाजून 5 मिनिटांनी. टँकर वाढवायचे, चावीवाल्यांच्या बदल्या करायच्या, अहवाल पुढच्या सभेत. पहिले सहा विषय पाच मिनिटांत झाले. 'मंजूर? मंजूर.' सगळे दमलेले होते.

"विषय क्रमांक 7."

मुलगा ताठ उभा राहिला. त्याचे साहेब बोलायला लागले. सुरुवात चांगली झाली. एक ज्येष्ठ नगरसेवक म्हणाले, मी स्वतः त्या मैदानावर कबड्डी खेळलोय, पोरांनी जायचं कुठं, मॉलमध्ये? बाकं वाजली. विरोधी पक्षनेत्यांनीही पाठिंबा दिला, असं वर्षातून एखाददाच होतं. मग कुणीतरी विचारलं, पैसे किती?

"साधारण 34 कोटी." 2013 च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो.

सभागृह एकदम गप्प. त्या वर्षी कर्मचाऱ्यांचा पगारही महिन्याच्या दहा तारखेपर्यंत लांबायचा. "टीडीआर द्या ना मालकाला." टीडीआर म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क. मालक तो घेत नाही, त्याला रोख पाहिजे आणि सक्ती करता येत नाही. "मग शासनाकडून अनुदान?" "अर्धी जागा घेऊ." "सविस्तर माहिती येऊ द्या." विरोध कुणाचाच नव्हता. प्रत्येकाला मैदान हवंच होतं, फक्त आज नको होतं.

गोषवाऱ्यात, म्हणजे विषयासोबत सगळ्यांना वाटलेल्या टिपणात, मुदतीची तारीख होती. ठळक अक्षरांत, चौथ्या पानावर. माझ्या समोरच्या बाकांवर एकाचंही चौथं पान उघडं नव्हतं. मी वहीचा कोपरा फाडला, लिहिलं, 'मुदत सप्टेंबर. आज नाही तर संपलं,' आणि सचिवांकडे सरकवला. लघुलेखकाचं ते काम नाही. सचिवांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, उठले, चिठ्ठी वर महापौरांपुढे ठेवली. मी मान वळवली. महापौरांनी वाचली. नीट चौघडी घातली आणि पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली.

"अधिक माहितीसह पुढील सभेत. तहकूब."

त्यांना खरंच माहिती हवी होती की नको होती, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या लघुलिपीत 'तहकूब'साठी एक बारकी रेघ आहे. आळसानं केलेलं असो, पैशाच्या काळजीनं की आणखी कशानं, रेघ तीच. मुलानं फाईलची नाडी बांधली. दोनदा सुटली.

पुढची सभा जूनमध्ये व्हायची, तर कोकण पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. जुलैत विषय आला आणि सर्वानुमते मंजूर झाला. चक्क टाळ्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, चौकात अभिनंदनाचे फलक, 'मैदान वाचवले' असे. ठराव गेला, पत्र गेलं, घोषणा निघाली नाही. सप्टेंबर उलटला तसा मालकाच्या वकिलाचा कागद आला. आता तिथं हिरव्या पत्र्यांचं कुंपण आहे.

इतिवृत्त मीच टंकलेखित केलं. मेच्या सभेपुढे आमचं ठरलेलं वाक्य घातलं, 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन'. ध्वनिमुद्रणात ती चर्चा साडेसहा मिनिटांची आहे. पाण्याची सव्वातीन तासांची. पाण्याची जास्त व्हावी यात गैर काही नाही, मीही दोन बादल्यांत भागवत होते. पण 'साधकबाधक' हा शब्द माझ्या हातून गेला, एवढं खरं.

दिवाळीनंतर माहिती अधिकाराचा अर्ज आला. गॅलरीत नेमानं बसणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांचा. वर 10 रुपयांचा स्टॅम्प, खाली सुरेख अक्षरात एकच प्रश्न : मैदान संपादनाच्या प्रस्तावास तिन्ही सभांत विरोध करणाऱ्या सन्माननीय सदस्यांची नावे द्यावीत. जन माहिती अधिकाऱ्यांनी कागद माझ्याकडे पाठवला. मी तिन्ही इतिवृत्तं काढली, ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकली आणि उत्तर टाईप केलं.

उत्तर न्यायला ते स्वतः आले. खिडकीशी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं.

"मॅडम, हे निरंक म्हणजे?"

"कुणीच नाही, काका."