तुम्ही विचारलंत म्हणून: अस्टेअरच्या सिनेमात गोष्ट कुठे असते?

पावसामुळे मुली कमी आल्या की कथकच्या वर्गात मी लॅपटॉप उघडते आणि फ्रेड अस्टेअर या जुन्या हॉलिवूडमधल्या नर्तक-अभिनेत्याचा एखादा नाच लावते. मग दरवर्षी नव्या तोंडून तोच प्रश्न येतो: "ताई, नाच भारीच आहे, पण या सिनेमांना गोष्टच नसते. तुम्ही अख्खा सिनेमा परत परत कशाला बघता?" आता पालकही विचारायला लागलेत, म्हणून सविस्तर सांगते.

कथानक बेताचं असतं, हे मान्य. अस्टेअर आणि त्याची नायिका जिंजर रॉजर्स यांनी 1933 ते 1939 मध्ये हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओसाठी नऊ सिनेमे केले. त्यातल्या बहुतेकांत तो तिच्या मागे लागतो, काहीतरी गैरसमज होतो आणि शेवटी तो मिटतो. पण तेवढ्यावर थांबलात तर गोष्ट हातून निसटली, कारण ती नाचात घडते.

'स्विंग टाइम' (1936) बघा. पेनी (जिंजर) नृत्यशाळेत शिकवते. तिच्या ओढीने आलेला लकी (अस्टेअर) मुळात नर्तक, पण नाच येत नसल्याचं सोंग करतो, धडपडतो, तिलाही पाडतो. वैतागून ती म्हणते, पैसे वाचवा, तुम्हाला कोणीच शिकवू शकणार नाही. ते मालकाच्या कानावर पडतं आणि तिची नोकरी जाते. तेव्हा लकी मालकाला थांबवतो: बाईंनी मला किती शिकवलंय ते तर बघा. आणि नाचू लागतो. इथे अस्टेअरच्या पायांकडे सगळेच बघतात, मी जिंजरचा चेहरा बघायला सांगते. राग, मग आश्चर्य, मग हा आपल्या तोडीचा आहे हे कळल्याचा आनंद. शेवटी दोघं बुटक्या कठड्यावरून उड्या मारतात तेव्हा ती त्याच्या प्रेमात पडायला लागलेली असते, आणि तसं कोणी बोललेलं नसतं.

हे दिसतं, कारण अस्टेअरचा आग्रहच होता: नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि शॉट शक्यतो तुटता कामा नये. नाच तुकड्यातुकड्यांनी दाखवला की चुका झाकल्या जातात हे खरं, पण त्याबरोबर दोन शरीरांमधलं बोलणंही तुटतं. आपल्याकडच्या कितीतरी गाण्यांत चेहरा एका शॉटमध्ये, पाय दुसऱ्यात. नर्तकीला ते फार खुपतं हो. आणि तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, घोटणाऱ्या मुलींसाठी एक गोष्ट: पडद्यावर ऐकू येणारा त्याच्या बुटांचा आवाज बहुतेकदा नंतर वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असे, आणि तो स्वतःच पडदा बघत पुन्हा नाचून द्यायचा. जिंजरच्या पावलांचा आवाज अनेकदा त्याचा सहकारी नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन द्यायचा.

याच सिनेमाच्या शेवटाकडे पेनी दुसऱ्याशी लग्न करायला निघालेली असते. रिकाम्या क्लबमध्ये लकी गातो की आता मी कधीच नाचणार नाही. मग दोघं नुसती चालतात. चालता चालता पाऊल तालात पडतं आणि संगीतकार जेरोम कर्नच्या संगीतात आधीच्या गाण्यांच्या सुरावटी परत येतात, आठवणीसारख्या. दोघं दोन बाजूंच्या जिन्यांनी वर जातात, गिरक्या वाढत जातात आणि ती निघून जाते. वर तो एकटा उरतो. या नाचासाठी 47 टेक झाले, जिंजरच्या पायांतून रक्त आलं. चित्रात त्या वेदनेचा मागमूस नाही, तिथे फक्त पेनीचं दुःख आहे.

'स्विंग टाइम'मध्ये अस्टेअरने चेहरा काळा रंगवून केलेला एक नाचही आहे. बिल रॉबिन्सन या थोर कृष्णवर्णीय टॅप (बुटांच्या ठोक्यांवर ताल धरणारा नाच) नर्तकाच्या नावे मानवंदना म्हणून तो केला होता, पण कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या जुन्या अमेरिकी खेळांची ती रीत मला सहन होत नाही. वर्गात तो लावण्याआधी मी हे बोलते. न बोलता पुढे ढकलायचा नाही.

छतावरचा नाच ('रॉयल वेडिंग', 1951) मुलांना आधी दाखवू नका. सगळी खोलीच गोल फिरत होती आणि कॅमेरा तिला पक्का बांधलेला होता, यावरच चर्चा संपते. 'स्विंग टाइम'नंतर 'द बँड वॅगन' (1953) लावा. त्यात सिड चॅरिस बॅले नर्तकी, तो जुन्या रंगमंचावरचा नाच्या. दोघांचं अजिबात जमत नाही, आपल्याला एकत्र नाचता तरी येईल का हीच शंका. रात्री सेंट्रल पार्कमध्ये ती शेजारी शेजारी चालायला लागतात, अवाक्षर न बोलता. चालण्याचा नाच कुठल्या पावलाला होतो ते मला अजून नेमकं पकडता आलेलं नाही. दर वेळी वाटतं, या वेळी दिसेल. नाचून झालं की ती घोडागाडीत जाऊन बसतात, आणि तोवर भांडण मिटलेलं असतं.