आज स्क्रिप्टने पकडलेली चूक

पुण्यात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून, म्हणजे किरणोपचाराचे प्लॅन तपासण्याचे काम करताना आज जे अनुभवले, ते लिहून ठेवावेसे वाटले. स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला डॉक्टरांनी 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा लिहून दिली होती. प्लॅनमध्ये मात्र जुन्या टेम्प्लेटमुळे 16 सिटिंग राहिल्या होत्या, म्हणजे दर वेळच्या 2.67 ग्रेने एकूण मात्रा 42.72 ग्रे झाली असती. दिवसातला सातवा प्लॅन तपासताना माझ्या नजरेतून तो आकडा निसटला. आम्ही लिहिलेल्या तपासणीच्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या संगणक प्रोग्रामने, तो मंजुरीपूर्वीच लाल रंगात दाखवला.

2000-01 मध्ये पनामात शिल्डिंग ब्लॉकची (निरोगी भागावरचे किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची) माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली, संगणकाने कोणताही इशारा न देता उपचाराचा वेळ चुकीचा काढला आणि 28 रुग्णांना जादा किरणोत्सर्ग मिळाला. ती घटना आज दिवसभर मनातून गेली नाही.

स्क्रिप्टला आकडे जुळतात की नाही एवढेच कळते. गाठीभोवतीची रेषा योग्य ठिकाणी आखली आहे का, हे माणसानेच पाहायचे असते, आणि वाचलेला वेळ मी त्यासाठीच देतो. उद्या सकाळी त्या मावशी हडपसरहून पीएमपी बसने पहिल्या सिटिंगला येतील, तोवर दुरुस्त केलेला प्लॅन दुसऱ्या सहकाऱ्यानेही तपासलेला असेल.