तुम्ही विचारलंत म्हणून: पेटीवर ६५ वॅट, मग यूपीएस का पडला?

दुकानात, लग्नाच्या पंगतीत, चवथीला आरती संपल्यावरसुद्धा हाच प्रश्न येतो: "कॉम्प्युटरच्या प्रोसेसरच्या पेटीवर ६५ वॅट लिहिलंय, मग त्याला थंड ठेवायला एवढा मोठा कूलर आणि वीज गेल्यावर चालणारा महागडा यूपीएस कशाला गळ्यात मारतोस?" मी काहीही गळ्यात मारत नाही. एकदा सविस्तर सांगतो.

६५ हा आकडा खोटा नाही, पण तुम्ही विचारता त्याचं ते उत्तर नव्हे. इंटेलचा कोर आय-सात १३७०० घ्या. ६५ वॅट ही त्याची मूळ वेगावरची मर्यादा. टर्बोत, म्हणजे भार आला की वेग वाढवतो तेव्हा, तोच २१९ वॅटपर्यंत जातो. २०२१ च्या बाराव्या पिढीपासून इंटेल तपशिलात हे दोन्ही आकडे देते. प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिचं गणित निराळं. प्रोसेसरच्या धातूच्या टोपणाचं तापमान वजा पंख्यापाशी येणाऱ्या हवेचं तापमान, भागिले कूलरचा उष्णतारोध, म्हणजे दर वॅटमागे किती अंश चढतात तो आकडा. त्यांच्या रायझन २७००एक्स प्रोसेसरला ६१.८ वजा ४२, भागिले ०.१८९, आले १०५ वॅट. या गणितात विजेचं मीटर कुठेच नाही. प्रत्यक्षात १०५ वाल्याला मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत मुभा असते, ६५ वाल्याला ८८.

पूर्वी मी एका वाक्यात सुटका करून घ्यायचो: "ते उष्णतेचं माप आहे, विजेचं नव्हे." आज ते वाक्य मला अर्धवट वाटतं. प्रोसेसर काही ओझं उचलत नाही. जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता होऊन बाहेर येते. वॅट दोन्हीकडे तेच. खरा प्रश्न असा की ते वॅट कुठल्या वेगावरचे आणि किती वेळापुरते.

हे मला गोव्यातल्या साखळी गावच्या एका मित्राने शिकवलं, आणि फार कडवटपणे. लग्नांचं शूटिंग करणारा माणूस, माझ्या वर्गातला. प्रोसेसर ६५ वॅटचाच हवा, कारण घरचा ६०० व्हीएचा यूपीएस त्याला चालवायचा होता. मी म्हटलं, हा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, ग्राफिक्स कार्डही धर. तो म्हणाला, पेटी वाच. मेअखेरीस, वळवाचा पाऊस, व्हिडिओची एक्स्पोर्ट चालू, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण भारावर, आणि वीज गेली. यूपीएसने शिट्टी मारली आणि सगळं बंद. एक्स्पोर्ट तर गेलीच, प्रोजेक्टची फाइलही उघडेना. नवरीकडची माणसं त्याच्या दारात. तो दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ओळखीच्या माणसालाही फसवतोस रे?" मी तपशिलाचं पान काढून दाखवलं. त्याने बघितलंही नाही. ते वाक्य मला अजून लागतं. मी सांगितलं होतं, हे खरं. पण पेटीवर एवढा ठळक छापलेला आकडा असताना त्याने माझ्यावर विश्वास का ठेवावा, हेही खरं.

आणि हवा तुम्ही विसरता. कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. एसी खोलीत २४ अंश असताना ७५ वर राहणारी चिप, तेवढ्याच भाराने, ३४ अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाते. बऱ्याच इंटेल चिप १०० अंशांना स्वतःच वेग उतरवतात. मग तुम्ही म्हणता, मशीन मंद दिलंस.

आता मी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरला वीजमर्यादा बसवतो. मर्यादा बरीच खाली आणली तरी वेग त्या मानाने थोडाच घटतो, कारण शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज फार चढवावं लागतं. पण गिऱ्हाइकाने पूर्ण वेगाचे पैसे मोजलेले असतात. विचारून मर्यादा घातली तर म्हणतात, मग स्वस्तातला का नाही दिलास? मोकळा सोडला तर पहिल्या उन्हाळ्यात दारात उभे. मदरबोर्ड बनवणारे तर अनेकदा आपल्या मनानेच मर्यादा उठवून ठेवतात. माझं मन या बाबतीत अजून दोन्हीकडे ओढतं, आणि तुम्ही पुन्हा विचाराल तेव्हाही याहून पक्कं उत्तर माझ्यापाशी नसेल.